कुंभारणीचे बिऱ्हाड

इतिहास लिहायचा म्हटले की आपली लेखणी आपोआप राजवाड्याच्या दिशेने चालू लागते. गडकोट, लढाया, तह, सनदा यांच्यासाठी तिला कागद पुरत नाही. परंतु ज्या घरात आपण जन्मतो, जेवतो, आजारी पडतो आणि जे दर आश्विनात झाडूनपुसून लख्ख करतो, त्या घराच्या वळचणीला पिढ्यान् पिढ्या भाडे न देता राहणाऱ्या कुळाचा इतिहास लिहावा असे सहसा कुणाला वाटत नाही. दिवाळीची सफाई निघते, शिडी भिंतीला लागते, केरसुणी आढ्यापर्यंत पोहोचते आणि हे कूळ एकदम जागे होते. मग पोराबाळांना आत ओढा, डोक्यावर पदर घ्या, कुणी तरी चुना शोधा, अशी एकच धांदल उडते. वाचकहो, या कुळाची, म्हणजे गांधीलमाशीची आणि तिच्या चुलतबहिणीची, कुंभारणीची थोडी हकीकत मी आज सांगणार आहे. माझे गाव नाशिकजवळचे एकलहरे. या इतिहासाचा बराचसा भाग मी तेथल्याच आढ्याखाली बसून शिकलो.

प्रथम या दोघींची ओळख करून दिली पाहिजे, कारण सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो. गांधीलमाशी समूहाने राहते. वाळक्या लाकडाचा, कुंपणाच्या खांबाचा भुसा ती दातांनी खरवडते, लाळेत मळते आणि त्या लगद्याचे राखी रंगाचे, सहा कोनी घरांचे पोळे बांधते. नावही बोलके आहे; ती चावली की अंगावर गांधी उठतात. मधमाशीची नांगी एकदा टोचली की कातडीत अडकून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीला हे बंधन नाही. ती एका रागात चारदा डंख मारू शकते. कुंभारीण मात्र एकटी राहते. ओढ्याकाठचा, नळाखालचा ओला चिखल गोळी गोळी करून आणते आणि भिंतीच्या कोपऱ्यात, तसबिरीच्या मागे, खुंटीवर टांगलेल्या कोटाच्या बाहीत आपले मडके घडवते. तिलाही नांगी आहे. पण घर राखण्यासाठी माणसावर धावून जाणे तिच्या स्वभावात नाही. चिमटीत धरली तरच ती डसेल. एक कागदाची कारागीर, दुसरी मातीची. एक पोळ्याजवळ गेलात तर अंगावर येणारी, दुसरी आपल्या कामात गर्क. आपण मात्र दोघींना एकाच झाडूने मारतो.

आपल्या वाङ्मयात यांपैकी मान मिळाला तो कुंभारणीला, आणि तोही साधासुधा नव्हे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपण केलेल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. परंपरेने हा अवधूत म्हणजेच दत्तात्रेय मानला जातो. पृथ्वी, वारा, आकाश यांच्यापासून सुरू झालेली ही यादी कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, हत्ती, टिटवीसारखे पक्षी, लहान मूल अशा वळणांनी जाते, आणि अगदी शेवटी, चोविसावा गुरू म्हणून, येते ती ही भिंतीवरची माशी. कारण सांगितले आहे ते असे: ती एका किड्याला धरून आपल्या मातीच्या घरात कोंडते, तो भयाने तिचे अखंड चिंतन करतो आणि चिंतन करता करता तिच्याच रूपाला जातो. हाच आपला कीटकभृंगन्याय. एकनाथमहाराजांनी याच स्कंधावर आपले एकनाथी भागवत लिहिले आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, काशीला ते पुरे केले. त्यांचे पैठण आमच्याच गोदावरीच्या काठी, आमच्या गावाच्या बऱ्याच खाली. आमच्या काठची गोदा पुढे नाथांच्या घाटाला लागते, याचा लहानपणी मला विलक्षण अभिमान वाटे.

मौज अशी की अवधूताच्या यादीत तेविसावा गुरू आहे कोळी. पोटातूनच सूत काढून जाळे विणणारा आणि पुन्हा गिळून टाकणारा. आता आपल्या घरोघरी दिसणाऱ्या काळ्यापिवळ्या, बारीक कमरेच्या कुंभारणीचे शास्त्रीय नाव मद्रासपट्टणावरून पडले आहे. फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश पंडिताने १७८१ साली ते ठेवले. ती आपल्या पिलांसाठी मडक्यात काय भरते म्हणाल, तर कोळी! तेव्हा तेविसावा गुरू चोविसाव्या गुरूच्या लेकरांच्या ताटात जातो. तिच्या दुसऱ्या काही बहिणी कोळ्यांऐवजी अळ्या भरतात. भागवतातला कीटक बहुधा असल्याच एखाद्या अळीचा वंशज असावा.

त्या मडक्यात खरोखर काय घडते, हे ओळखण्यासाठी फ्रान्समधला एक गरीब शाळामास्तर जन्मावा लागला. झां आंरी फाब्र हे त्याचे नाव. जन्म १८२३, मृत्यू १९१५. भर उन्हात रस्त्याकडेला पालथा पडून तो माश्यांकडे पाहत बसे आणि येणारेजाणारे त्याला खुळा समजत. माशीने साठवलेली शिकार कुजत का नाही, हा त्याला पडलेला प्रश्न. १८५५ साली छापलेल्या निबंधात त्याने उत्तर दिले: ती शिकार मेलेलीच नसते. माशी नेमक्या मज्जेच्या गाठीवर नांगी मारते, भक्ष्य लुळे पडते, पण जिवंत राहते. मग माशी त्यावर आपले अंडे ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेली अळी त्या ताज्या शिध्यावर वाढते, कोश करते आणि पंख फुटले की मातीला भोक पाडून बाहेर पडते. आत गेली अळी, बाहेर आली माशी, हे आपल्या पूर्वजांनी अचूक पाहिले होते. मधला अंधार तेवढा त्यांनी चिंतनाने भरून काढला. म्हणून नाथांचा दृष्टान्त खोटा पडला असे मी म्हणणार नाही. ज्याचे ध्यान धरावे तसा माणूस होत जातो, हे माणसाच्या बाबतीत खरेच आहे. किड्याच्या बाबतीत ते खरे नसले, तर त्यात नाथांचे काय बिघडले?

हा इतिहास आमच्या घरी मात्र दृष्टान्तापुरता राहिला नव्हता. माझे लहानपण १९५० नंतरच्या दशकातले. घर मातीच्या भिंतींचे, वर कौले, मागे गोठा. माझ्या जन्माआधीची गोष्ट आजोबा सांगत. त्यांचे थोरले भाऊ भाद्रपदात गोठ्याची वळचण सारखी करायला चढले. पाचटाच्या आड गांधीलमाश्यांचे सुपाएवढे पोळे होते, ते त्यांच्या ध्यानात आले नाही. खाली उतरेपर्यंत तोंड सुजले, मग घसा घरघरू लागला. बैल जुंपले, गाडी नाशिकरोडच्या वाटेला लागली, पण वाटेतच सारे आटोपले. त्या दिवसापासून आजोबांनी एक व्रतच घेतले. दर आश्विनात चिंध्यांचा टेंभा करायचा, रॉकेलात बुडवायचा आणि वळचणीला, आढ्याला, गोठ्याला जे जे पोळे दिसेल ते जाळायचे. एके वर्षी ठिणगी कडब्याच्या गंजीवर पडली आणि सारा गाव बादल्या घेऊन धावला. पण आजोबांचा टेंभा काही विझला नाही.

त्यांच्या वाटेत उभी राही ती आजी. कागदी पोळ्यांबद्दल तिचे काही म्हणणे नसे. पण टेंभा देवघराच्या चौकटीवरच्या मातीच्या मडक्यांकडे वळला की ती आडवी येई. "अहो, तिचं बाळंतपण व्हायचंय अजून. बाळंतिणीची खोली जाळता का?" कुंभारणीने घर केले की त्या घरात पाळणा हलतो, अशी तिची श्रद्धा. आजोबा म्हणत, "नांगी ती नांगी. माझा भाऊ गेला, तुला मडक्याचं पडलंय." दोघेही मनापासून बोलत. एकाच्या पाठीशी मरण होते, दुसरीच्या पाठीशी पाळणा. आम्ही मुले ओसरीवर बसून हा खटला दरवर्षी ऐकत असू, आणि निकाल मात्र कधी लागत नसे.

पुढे वाचू लागलो तेव्हा कळले की हा खटला आमच्याच घरचा नाही. १८५१ साली साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड एटकेन मीठ आणि जकात खात्यात नोकरी करीत हिंडले. १८८३ साली त्यांनी एक खुसखुशीत इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यात बंगल्याभोवतीचे उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे या साऱ्यांना त्यांनी सरहद्दीवरच्या टोळ्या म्हटले आहे, आणि माश्यांना त्यात एक स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. साहेबाची ती सरहद्द म्हणजे आपली वळचणच. त्याच १८८३ साली मुंबईत निसर्ग इतिहास संस्था स्थापन झाली, आणि एटकेन तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी एक होते. १८९७ मध्ये बिंगहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील माश्यांचा एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. एकाने हसत हसत ओळख करून दिली, दुसऱ्याने जातवार खानेसुमारी केली. आमच्या आजीला दोघांचाही पत्ता नव्हता, पण कोणती माशी कोणत्या महिन्यात चिखल वाहते, हे ती बिनचूक सांगे.

गांधीलमाशीचा आपल्यावर एक उपकार आहे, तोही सांगितला पाहिजे. पूर्वी कागद चिंध्यांचा आणि तागाचा होई. आपला जुन्नरी कागद, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद, यांची ख्याती मोठी. पण चिंध्या पुरायच्या किती? १७१९ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या अकादमीपुढे गांधीलमाशीचे पोळे हा दाखला म्हणून मांडले. ही माशी लाकडापासून कागद करते, मग माणसाने का करू नये, असा त्याचा सवाल. माणसाला हे जमायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. १८४४ च्या सुमारास जर्मनीत लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती निघाली. त्यानंतर कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्रे आणि मासिके घरोघर गेली. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची आपली रीत सुरू झाली. आमच्या एकलहऱ्याजवळच्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात, याचा गावकऱ्यांना रास्त अभिमान आहे. पण कागदाचा खरा जुना कारखाना आमच्या वळचणीलाच होता, हे आम्हांला कुठे ठाऊक होते!

स्वातंत्र्यानंतर या कुळावर दोन मोठी संकटे आली. पहिले फवाऱ्याचे. १९५३ साली देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि खाकी कपड्यांतली माणसे पंप घेऊन घरोघर डी.डी.टी. मारू लागली. हिवताप हटला, लाखो जीव वाचले, ही गोष्ट लहान नव्हे. पण ती पांढरी पूड डास कोणता आणि कुंभारीण कोणती हे पाहत नसे. बोर्निओ बेटावर त्याच सुमारास एक नवलाची गोष्ट घडली. फवारणीनंतर तेथली गवती छपरे कोसळू लागली. छपराचे गवत खाणारी एक अळी होती. तिच्या अंगात अंडी घालून तिला काबूत ठेवणारी चिमुकली माशी फवाऱ्याने मेली, अळी मात्र तगली आणि फोफावली. छप्पर माशीच्या जिवावर उभे होते, हे ते पडल्यावर कळले.

दुसरे संकट आमच्या गावापुरते. गोदाकाठच्या आमच्या शिवारात औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. १९७० मध्ये पहिला संच सुरू झाला. १४० मेगावॅटचे असे दोन, आणि पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन. ते पहिले दोन संच आता निवृत्त झाले आहेत. धुराडी उभी राहिली, वसाहत झाली, कौले जाऊन काँक्रीटची छते आली. आम्हांला वाटले, आता वळचणच उरली नाही, तर माश्या कुठल्या? पण हे कूळ आमच्याहून हुशार निघाले. गांधीलमाश्या खिडकीच्या छज्जाखाली आल्या, कुंभारणींनी विजेच्या मीटरची पेटी गाठली. नवे घर, जुने भाडेकरू!

कुंभारणीचे मडके अगदीच निरुपद्रवी, असेही म्हणून चालणार नाही. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी अटलांटिक महासागरात एक विमान कोसळून त्यातली १८९ माणसे दगावली. विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी बुजली होती आणि वैमानिकांना चुकीचा वेग दिसत राहिला. काही दिवस उघड्या राहिलेल्या त्या नळीत कुंभारणीने चिखल भरला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. बोटाच्या पेराएवढी मातीची गोळी! ज्याच्या घरी, शेतात वा कारखान्यात उघडी नळी, पंप वा बंब आहे, त्याने तिच्या तोंडाला झाकण घालावे हे बरे.

पण या हिशेबाची जमेची बाजूही पाहू. २००२ साली सांगलीकडे उसावर लोकरी मावा पडला आणि बघता बघता राज्यभर पसरला. फवारे हरले. शेवटी त्याला आवर घातला तो त्यालाच खाणाऱ्या किड्यांनी, आणि त्यांत एक इवलीशी माशीही होती. आज ऊस लावणारा शेतकरी ट्रायकोकार्ड नावाचा कागदाचा तुकडा पानाला टाचतो. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात आणि प्रत्येकीत खोडकिडीच्या अंड्यांचा काळ होणारी माशी वाढत असते. तीही याच गणगोतातली. आणि उंबराचे फळ फोडल्यावर जे बारीक किडे उडतात, त्यांना आपण नाक मुरडतो. तेही गांधीलमाशीचे दूरचे भाऊबंद. ते आत शिरून परागांची नेआण करतात, म्हणून उंबराला बी धरते. दत्ताच्या झाडाचा वंश माशीने चालवावा आणि दत्ताने माशीला गुरू करावे, हा योग मला फार हृद्य वाटतो.

बंगळूरला राघवेंद्र गदगकर यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ आपल्याकडच्या छोट्या तांबूस गांधीलमाशीचा अभ्यास केला. २००१ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांनी प्रत्येक माशीवर रंगाचा ठिपका देऊन ती दिवसभर काय करते ते टिपले. या पोळ्यातली राणी मोठी सौम्य, कुणावर धावून न जाणारी. तिला काढून घेतले की एक दासी एकाएकी आक्रमक होते, सगळ्यांना दटावते. काही दिवसांत तीच अंडी घालू लागते, राणी होते आणि पुन्हा शांत होते. राज्य हाती येईपर्यंतच आरडाओरडा! हे वाचताना मला माणसांच्या इतिहासातली बरीच पाने आठवली.

दोन वर्षांपूर्वी सूनबाईने मला सरळ विचारले, "बाबा, बाळ चार वर्षांचा आहे. दाराच्या वर पोळं आहे आणि तुम्ही पुस्तकं काढून बसता. तुमचा इतिहास काय म्हणतो ते एकदाचं सांगा." प्रश्न रास्त होता. थोरल्या आजोबांचे मरण आमच्या घराने विसरून चालणार नाही. तेव्हा मी तिला सांगितले ते येथेही सांगतो. मातीचे मडके असेल तर ठेवावे. गोल भोक पडलेले दिसले की आतले बाळ उडून गेले असे समजावे आणि मग खुशाल खरवडावे. कागदी पोळे बांधावरच्या झाडाला, परसाच्या टोकाला असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. त्या माश्या पिकावरच्या अळ्या वेचून नेतात. पण पोळे दाराशी, पाळण्याशी, जिन्याच्या तोंडाशी असेल तर ते काढलेच पाहिजे. उत्तम वेळ म्हणजे चार-सहा घरे झाली असतील तेव्हाची. मग लांब काठीचा एक ठोसा पुरतो. त्यासाठी आठवड्याला एकदा वर पाहण्याची सवय हवी. पोळे मोठे झाले असेल तर जाणत्या माणसाला बोलवावे, त्याने अंधार पडल्यावर अंग झाकून काम करावे. टेंभा आणि रॉकेल यांना हात लावू नये. दिवाळीत चिरोटे, गुळाची ढेप, उसाची चिपाडे उघडी टाकू नयेत, म्हणजे निम्मे पाहुणे येतच नाहीत. आणि डंख बसलाच तर थंड पाणी किंवा बर्फ. परंतु ओठ सुजले, श्वास अडला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख बसले, तर चुना-कांदा शोधत न बसता तडक दवाखाना गाठावा. त्या काळी आमच्या बैलगाडीला जे साधले नाही, ते आज एका इंजेक्शनाने साधते.

दाराशीचे ते पोळे जाणत्या माणसाकडून आम्ही त्याच रात्री उतरवले. देवघराच्या चौकटीवरचे मडके मात्र सूनबाईने स्वतःच राखले. बाळाला कडेवर घेऊन ती त्याला रोज दाखवी. आजोबा आणि आजी यांच्यातला तो जुना खटला असा त्यांच्या पश्चात निकालात निघाला. दोघेही जिंकले, कारण दोघे निरनिराळ्या माश्यांबद्दल बोलत होते. भीतीला सगळ्या नांग्या सारख्या दिसतात आणि श्रद्धेला सगळी मडकी सारखी. कोणती कोण हे ओळखायला जवळ जाऊन, न हलता, पुष्कळ वेळ पाहावे लागते. अवधूताने तेच केले, फाब्रने तेच केले, आणि चौकटीखाली उभी राहून आमच्या आजीनेही तेच केले होते.